चाल कुणाची?

बालाघाटाच्या डोंगराखाली एक बाजाराचं गाव होतं आणि त्या गावात एक लहानसं रेडिओ केंद्र होतं. त्याचं नाव पाणवठा रेडिओ. दोन खोल्या आणि गच्चीवर एक उंच मनोरा, एवढाच त्याचा पसारा. पण त्याचा आवाज आसपासच्या चाळीस गावांत पोचायचा. लोक गोठ्यात, पिठाच्या गिरणीत, शेताच्या बांधावर रेडिओ लावून ठेवायचे. केंद्र चालवायच्या इंदुमती गायधनी. सगळे त्यांना इंदूताई म्हणत.

केंद्राला दहा वर्षं झाली, तेव्हा इंदूताईंनी गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. कार्यक्रम थेट व्हायचा होता. इकडे गाणं सुरू झालं की त्याच क्षणी चाळीस गावांत ऐकू जायचं. मध्ये थांबून सुधारायची सोय नव्हती. त्यासाठी दोन कलावंत बोलावले, एक जुन्या गाण्याचा आणि एक नव्या गाण्याचा.

जुन्या गाण्याचे तुळजाराम रेणके. ते गोंधळी होते. संबळ वाजवून देवीची गाणी म्हणायचे. वय अडुसष्ट, पण आवाज अजून खणखणीत होता. नव्या गाण्याची मैथिली ढमढेरे. ती पुण्याहून आली होती. स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच चाली लावायची आणि गिटारवर म्हणायची. तिचं ‘उंबराखालचं ऊन’ हे गाणं मोबाइलवर घरोघरी पोचलं होतं. शाळेतल्या पोरांनासुद्धा ते तोंडपाठ होतं.

पण या गाण्याची चाल मैथिलीची नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ती याच भागात मैत्रिणीच्या लग्नाला आली होती. लग्नानंतर गोंधळ झाला. त्यातल्या एका गाण्याची चाल तिला फार आवडली. तिनं ती मोबाइलवर टिपून घेतली, पुण्याला गेल्यावर तिच्यावर आपले शब्द बसवले आणि गिटारवर ती इतकी संथ केली, की गोंधळाचं गाणं कुणाला आठवू नये. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, “चाल तुझीच का गं?” तेव्हा ती नुसतं “हो” म्हणून गेली. मग सगळेच विचारू लागले आणि दर वेळी “हो” म्हणणं भाग पडलं. पुढेपुढे तर तिला स्वतःलाही वाटू लागलं, की आपल्यालाच सुचली असावी.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती केंद्रावर पोचली. ओट्यावर तुळजाराम संबळाच्या दोऱ्या आवळत बसले होते. तोंडानं एक गाणं गुणगुणत होते. मैथिली पायरीवरच थांबली. तीच चाल होती. त्या लग्नात गाणारे हेच, हे तिनं ओळखलं. त्यांनी मात्र तिला ओळखलं नव्हतं. त्या दिवशीच्या गर्दीतला एक चेहरा त्यांच्या लक्षात कसा राहणार?

आधी तुळजाराम गाणार होते, मग ती. त्यांनी हे गाणं म्हटलं तर दोन्ही पाठोपाठ ऐकून चाळीस गावांना चाल कुणाची ते कळणार होतं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“काका, हे गाणं आज नका म्हणू.”

“का बरं, ताई?”

“लांब आहे ना. वेळ थोडा आहे.”

तुळजारामांनी मान हलवली. “बरं. दुसरं म्हणतो. आपल्या गाण्यानं दुसऱ्याचा येळ खाऊ नये.”

त्यांना तिच्या बोलण्यात काहीच वावगं दिसलं नाही. उलट त्यांनी आपल्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. “गाण्याआधी रिकाम्या पोटी राहू नये,” म्हणाले. मैथिलीनं तो लाडू तसाच रुमालात बांधून ठेवला.

कार्यक्रम सुरू झाला. दारावरचा लाल दिवा लागला. तुळजारामांनी संबळावर काठी टाकली आणि खोली घुमू लागली. त्यांनी दोन गाणी म्हटली. जी चाल मैथिलीला नको होती, ती त्यांनी खरोखरच घेतली नाही.

मग मैथिलीची पाळी आली. लोकांनी फोन करकरून ‘उंबराखालचं ऊन’ मागितलं. तिनं गिटार उचललं. पहिली ओळ म्हटली आणि समोर बसलेल्या तुळजारामांकडे तिचं लक्ष गेलं. त्यांनी चमकून मान वर केली. चाल त्यांनी ओळखली होती. सकाळचं बोलणंही त्यांच्या ध्यानात आलं असणार. पण ते रागावले नाहीत. डोळे मिटून ते मांडीवर बोटांनी ठेका धरू लागले.

गाणं संपलं. इंदूताईंनी माईकवर विचारलं, “मैथिली, सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय. ही चाल तुला सुचली कशी?”

नेहमीचं उत्तर तिच्या ओठांवर आलं. खोटं उघडं पाडणारा एकच माणूस खोलीत होता आणि तो गप्प बसणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. एक वाक्य बोललं की सुटका होती. पण ज्या माणसानं आपल्याला लाडू दिला, आपल्या शब्दाखातर स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं, त्याच्यासमोर तिला ते वाक्य बोलवेना.

“मला सुचली नाही,” ती म्हणाली. “ही चाल मी तुळजारामकाकांकडून ऐकली. तीन वर्षं मी ती माझी म्हणून सांगतेय. आणि आज सकाळी मीच त्यांना हे गाणं म्हणू नका असं सांगितलं. वेळ थोडा आहे, हे कारण खोटं होतं.”

  इंदूताईंनी पुढच्या प्रश्नासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात तुळजाराम माईककडे सरकले. त्यांनी घसा खाकरला.

“पोरी, तू खरं बोललीस, आता मलाबी बोललं पाहिजे. ती चाल माझी तरी कुठं हाय? तरणा हुतो तवा पिंपळदऱ्याला देवीच्या कार्याला गेलो हुतो. वाटंत एका रानात बाया निंदत हुत्या. त्यातली हौसाबाई ही चाल म्हणत हुती. म्या बांधावर हुबा राहून ऐकली आन् देवीच्या गाण्याला लावली. पंचेचाळीस वर्सं लोक म्हणत्यात, तुळजारामाची चाल. म्या कवा न्हाई म्हणलं न्हाई.”

बोलून ते मागे टेकले. जड गाठोडं खाली ठेवल्यावर माणसाचा चेहरा दिसतो, तसा त्यांचा चेहरा दिसत होता.

इतक्यात केंद्राचा फोन वाजला. फोन पिंपळदऱ्याहून होता. एक बाई म्हणाली, “मी हौसाबाईंची सून बोलतेय. आमच्या आत्याबाई रेडिओजवळच बसल्यात. त्यांना बोलायचंय.”

इंदूताईंनी फोनचा आवाज चाळीस गावांना जोडून दिला. एक म्हातारा, बारीक, पण ठणठणीत आवाज आला.

“तुळजाराम, चाल घेतलीस ती घेतलीस, बिघडवलीस का रं? दुसऱ्या वळीला वर न्हाई जायचं, खाली यायचं. त्या पोरीनंबी तुझंच बघून चुकीचं म्हणलंया.”

तुळजाराम खळखळून हसले. मैथिलीही हसली, डोळे पुसत.

इंदूताई म्हणाल्या, “आजी, मग तुम्हीच म्हणून दाखवा.”

हौसाबाईंनी फोनवरच गाणं सुरू केलं.

“चवळीच्या येला गं, शेंगा लागल्या दोन,
माहेराची वाट गं, मला दावील कोण…”

दुसऱ्या ओळीला चाल खरंच खाली आली. दिवस कलताना सावली उतरते तशी. मैथिलीनं हळूच गिटारच्या तारा छेडल्या. तुळजारामांनी बोटांनीच संबळ वाजवलं, म्हातारीचा आवाज बुडू नये म्हणून. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. बांधावरची माणसं काम थांबवून उभी राहिली.

गाणं संपल्यावर इंदूताईंनी विचारलं, “आजी, तुम्ही ही चाल कुणाकडून शिकलात?”

“कुणाकडनं न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “ही माझी हाय. नवी नवरी हुते, माहेराची याद आली, निंदता निंदता म्याच केली.” मग म्हणाल्या, “येवढ्या वर्सांत आज पयल्यांदा कुणी इचारलं बाई.”

पुढे मैथिलीला काही लोकांनी नावं ठेवली. तिनं ती ऐकून घेतली. मोबाइलवरच्या गाण्याखाली तिनं लिहिलं: ‘चाल हौसाबाईंची, ती जपली तुळजाराम रेणके यांनी.’ गाणं पूर्वीइतकंच ऐकलं जात राहिलं. दुसरी ओळ मात्र तिनं बदलली. आता ती खाली येते.

तात्पर्य: जे दुसऱ्याकडून मिळालं, ते देणाऱ्याचं नाव घेऊन सांगावं. त्यानं आपला मान कमी होत नाही, आणि ज्याला आजवर कुणी विचारलं नाही, त्याला त्याचा मान मिळतो.