फ्लोराइडचा ठराव

पाण्यावर तीन-तीन तास भाषणं ठोकणाऱ्यांनीच पोरांचे गुडघे वाकवले. आणि त्यांनी स्वतः हापशाला कधी तोंडही लावलं नाही. नाव कुणाचं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव दौलू. ग्रामपंचायतीत कामाला. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

गावात वाद पेटला होता. सरपंच भुजंगराव कुठूनसं ऐकून आले होते, की परदेशात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालतात, त्यानं दात मजबूत होतात. माजी सरपंच तात्या म्हणाले, "विष आहे ते!" अर्धा गाव इकडे, अर्धा तिकडे.

सभेत रुखमा उठली. तिच्या सात वर्षांच्या शेवंताचे दात तपकिरी पडले होते आणि पाय वाकत चालले होते.

"घालायचं का नाही ते मागनं ठरवा," ती म्हणाली. "आमच्या हापशात आधीच किती आहे, ते तर बघा!"

सरपंच वैतागले. "दौलू, पाण्याचा नमुना तालुक्याला तपासायला दे. बाटली स्वच्छ पाहिजे. सीलबंद पाहिजे."

दौलूनं दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली घेतली. तशीच, न फोडता, देऊन आला. अहवाल आला : पाणी उत्तम.

सरपंचांनी पेढे वाटले. पेढा खाता खाता दौलूनं बाटलीची हकीकत सांगितली.

"गाढवा! दुकानातलं नाही, गावातले लोक पितात ते पाणी न्यायचं!"

"बरं."

दौलू कचेरीत आला. सरपंच, तात्या, झाडून सगळे सदस्य एकमेकांवर ओरडत होते, आणि घसा सुकला की विकतच्या एकाच जारमधलं गार पाणी पीत होते. दौलूनं त्यातलं भरून नेलं. अहवाल आला : पाणी उत्तम.

"अरे, जारचं कशाला नेलंस?"

"तुम्ही गावातले नाही का, साहेब?"

तिसऱ्या खेपेला रुखमानं स्वतः हापशावर बाटली भरून त्याच्या हातात ठेवली. अहवाल आला : फ्लोराइड मर्यादेच्या चौपट. हापशाला लाल रंग मारा, हे पाणी पिऊ नका.

दौलूनं लाल रंग मारला.

"मग प्यायचं कुठलं?" रुखमानं विचारलं.

"हा विषय आजच्या सभेपुढं नाही," सरपंच म्हणाले, आणि मतदान घेतलं. दोन मतांनी ठराव पास झाला : पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालावे.

"दौलू, उद्यापासून अंमलबजावणी!"

दौलू विचारात पडला. फ्लोराइड कुठं आहे? हापशात. अहवालातच लिहिलंय. पिण्याचं पाणी कुठलं? हापशाचं तर नाही, लाल रंग त्यानंच मारला होता. म्हणजे उरले कचेरीतले जार.

सकाळी जार आले. दौलूनं ते हापशावर नेले. आत जागा करायला हवी होती. चांगलं पाणी मातीत ओतायला त्याचा जीव होईना, म्हणून त्यानं रुखमाच्या हंड्यात आणि गल्लीतल्या घागरींत ओतलं. मग हापसून हापसून जार भरले आणि कचेरीत नेऊन ठेवले.

दुपारी सरपंचांनी घोट घेतला आणि थुंकला. "हे काय आहे?"

"ठराव, साहेब."

"अरे, पण मी विरोधात मत दिलं होतं!" तात्या ग्लास फेकून ओरडले.

सगळ्यांनी मिळून दौलूला हाकललं. तो मान खाली घालून हापशापाशी आला. शेवंता पायरीवर बसून पेला भरून हंड्यातलं पाणी पीत होती. रुखमानं त्याला गुळाचा खडा दिला आणि हळूच विचारलं,

"दौलूभाऊ, उद्याचे जार किती वाजता येतात?"