खरखरणारी थोरली

यंत्रं माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका ग्रंथालयाच्या संगणकात दोन डिस्क शेजारी राहत. गावची सगळी गाणी दोघींकडे सारखीच असत. पुढे थोरली खरखरू लागली, गाणी विसरू लागली.

"कुणाला सांगू नकोस, मला काढून टाकतील," ती धाकटीला म्हणाली.

खरखर ऐकून ग्रंथपाल कुंदाताई आल्या आणि चुकून धाकटीलाच बाहेर ओढू लागल्या.

थोरलीला राहवेना. "ताई, तिला राहू द्या. सगळी गाणी तिच्याकडेच आहेत. बिघडलेय ती मी."

थोरली निघाली, तिच्या जागी नवी कोरी डिस्क बसली. धाकटीने तिला एकूण एक गाणं शिकवलं. संध्याकाळी ग्रंथालय हळदीच्या गाण्यांनी दुमदुमलं.

"एकही गाणं हरवलं कसं नाही?" नवीने विचारलं.

"तुझ्या जागेवर होती ना, ती वेळेवर बोलली."