तांबळबेटाचा उत्तम महिना

"मग भाद्रपदात कसं?"

"भाद्रपदात पाऊस असतो," कासमबाबा म्हणाले. हातात खराटा होता, अंगण झाडणं चालू होतं.

"आणि मार्गशीर्षात?"

"मार्गशीर्षात नसतो."

"म्हणजे मार्गशीर्ष चांगला."

"पावसाला विचारा. त्याला वाईट वाटतं."

नागेशशास्त्र्यांनी दौतीत बुडवलेला बोरू तसाच हवेत राहिला. हे उत्तर वहीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, ते त्यांना कळेना.

शास्त्रीबुवा घाटावरचे, खडकाळ माळावरच्या गावातले. बारा वर्षं काशीत घासून आलेले. हुशार इतके, की शिंक आली तर ती वायव्येची की नैर्ऋत्येची हे आधी ठरवायचे आणि मग नाक पुसायचे. आजूबाजूच्या चाळीस गावांत पंचांग सांगायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. हे आम्ही म्हणत नाही, तेच म्हणायचे.

आणि तांबळबेट म्हणजे दक्षिणसमुद्रातला एवढासा मुलूख. त्याला देश म्हणायचं की नुसतं बेट, यावर तिथल्या राजाचं शेजारच्या राजाशी वर्षानुवर्षं बोलणं बंद. बारा महिने उकाडा, बारा महिने हिरवं. तिथल्या माणसाला थंडी म्हणजे काय ते सांगायचं तर अंग कुडकुडवून दाखवावं लागतं. आणि एवढं करून तो तुमच्या कपाळाला हात लावून बघतो, ताप किती आहे ते.

या बेटावर शास्त्रीबुवा पाचव्यांदा आले होते.

पाचही वेळा एकटे. पाचही वेळा एकच प्रश्न घेऊन. इथं यायला उत्तम महिना कोणता?

तुम्ही म्हणाल, पाच वेळा आलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच कसा. तर प्रश्न स्वतःसाठी नव्हता. बयाक्कासाठी होता.

बयाक्का त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा नागेश दीड वर्षाचा आणि बयाक्का सोळा वर्षांची, कपाळ पुसून माहेरी परत आलेली. तिनं त्याला वाढवलं, मुंज लावली, काशीला धाडलं. तो शास्त्री होऊन आला. ती मात्र गावच्या ओढ्यापलीकडे कधी गेली नाही.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी शास्त्रीबुवा ओसरीवर बसून पोथीतलं या मुलुखाचं वर्णन मोठ्यानं वाचत होते. बयाक्का सुपात ज्वारी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"नागू," ती म्हणाली, "मला हे बघायचंय."

उभ्या जन्मात तिनं मागितलेली ही एकच गोष्ट.

शास्त्रीबुवांनी तिथल्या तिथं शब्द दिला. दाखवीन, आणि असं तसं नाही, उत्तम महिन्यात दाखवीन. एकदाच जाणार बिचारी, तर त्यात खोट नको. आणि खोट कुठं आहे ते आधी जाऊन बघितल्याशिवाय कळणार कसं? म्हणून ते बघायला निघाले. बघतच राहिले.

यंदा दसऱ्याला गावच्या वैद्यांनी बयाक्काची नाडी बराच वेळ धरली आणि शास्त्रीबुवांना बाहेर बोलावून सांगितलं, "न्यायचं तर याच साली न्या. पुढच्या साली नाडी धरीन मी, पण शब्द देणार नाही."

शास्त्रीबुवा घाबरले. मिळालं ते गलबत धरून घाईघाईनं बेटावर आले. बयाक्काला न घेता. शहाणी माणसं घाईतसुद्धा पद्धत सोडत नाहीत.

उतरल्याबरोबर त्यांनी बंदरावर विचारपूस केली. तांडेल म्हणाला वारा फिरला की या. कोळीण म्हणाली बांगडा लागला की या. राजाचा कारभारी म्हणाला राजाचं पोट साफ असेल तेव्हा या, तो महिना आम्हालाही ठाऊक नाही. मग तिघांनीही एकाच वाडीकडे बोट दाखवलं. म्हणाले, कासमबाबांना विचारा. साठ वर्षं माडावर चढउतार केलेला फकीर आहे. त्यांच्याइतकं हे बेट वरून कोणी बघितलेलं नाही.

बाबांना ऐंशी तरी झाली होती. शास्त्रीबुवांनी आधी त्यांना बयाक्काची सगळी हकीकत सांगितली होती. मराठी ते कोकणातल्या खलाश्यांकडून शिकले होते, त्यामुळे शिव्या अस्सल होत्या आणि बाकीचं कामापुरतं.

"आधी कधी कधी आलात?" बाबांनी झाडता झाडता विचारलं.

"चैत्रात आलो. घामानं वहीतली शाई पसरली."

"हं."

"वैशाखअखेरीस आलो तो श्रावण सरेपर्यंत अडकलो. छत्री पहिल्याच दिवशी समुद्राकडे गेली, परत आली नाही."

"हं."

"कार्तिकात डास. एकेक डास असा, की त्याला नाव ठेवून हाक मारावी."

"आणि चौथ्यांदा?"

"पौषात." शास्त्रीबुवा जरा घुटमळले. "पौषात काही सापडलं नाही. सगळं चांगलं होतं."

"मग?"

"म्हणून तर संशय आला."

बाबांनी खराटा थांबवला नाही, पण दाढी हलली. हसले असावेत.

"शास्त्रीबुवा, माझी नजर आता वर पोचत नाही. एक काम करता?"

"सांगा."

"त्या माडावर जा. वर कोणता महिना चाललाय तेवढं बघून सांगा."

शास्त्रीबुवांनी माडाकडे पाहिलं. समुद्राकडे वाकलेला, चारेक पुरुष उंच, पाय ठेवायला खोडात खाचा पाडलेल्या. बाबांनी म्हातारपणासाठी सोपा करून ठेवलेला. पण सोपा कोणाला? शास्त्रीबुवांच्या गावी सगळ्यात उंच झाड म्हणजे बाभूळ, आणि तिच्यावर शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते.

"कार्तिक चाललाय, बाबा. त्याला वर कशाला जायचं?"

"तुमच्या वहीत कार्तिक चाललाय. वरचं विचारतोय मी."

आता हे आव्हान होतं. वय छपन्न, पण शास्त्रार्थात कधी मागे हटलेले नव्हते. त्यांनी धोतराचा काचा मारला. बाबांनी त्यांच्या पायात दोरीचा वेढा अडकवला, कमरेला कोयता बांधला आणि पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी.

शास्त्रीबुवा चढले. कसे चढले ते लिहिण्यात अर्थ नाही. अर्ध्यावर जाईपर्यंत तेहतीस कोटी देवांपैकी बऱ्याच जणांना हाक मारून झाली होती. पण पोचले. झावळ्यांच्या बेचक्यात बूड टेकलं, डोळे उघडले...

आणि एकेक करून सगळं बघत गेले.

अगदी मधोमध नवी झावळी होती, तलवारीसारखी मिटलेली, उजेडसुद्धा न बघितलेली. तिच्या बगलेला बंद पोय, आत फुलोरा दडलेला. त्याखाली दुसरी पोय उकललेली, पिवळा फुलोरा, त्यावर मधमाश्यांचा गुंजारव. त्याखाली सुपारीएवढी बोंडं. मग लिंबाएवढी. मग मुठीएवढी. मग शहाळी, पाण्यानं तट्ट फुगलेली. त्याखाली रंग उतरत चाललेले नारळ, मग तपकिरी, हलवले तर आत पाणी वाजेल असे. आणि सगळ्यात खाली एक वाळकी झावळी, आता सुटेल का मग, अशी लोंबणारी.

त्यांनी घोस मोजले. बारा.

पुन्हा मोजले. शास्त्रीच ते. बाराच भरले.

सगळं वर्ष एका डोक्यावर बसलेलं. जन्मायचे होते ते महिने आणि जायला निघालेले महिने, एकमेकांना खेटून, कोणी कोणाला ढकलत नव्हतं. आयुष्यभर शास्त्रीबुवा पंचांगाचं पान उलटत आले होते, आणि उलटलं की मागचं गेलं असं समजत आले होते. इथं कोणी पान उलटलंच नव्हतं.

डाव्या हाताला समुद्रावर पाऊस पडत होता, राखाडी पडदा सोडल्यासारखा. उजव्या हाताला ऊन. दोन्ही एकाच वेळी, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

शास्त्रीबुवांनी हात जोडले. जोडताना झावळीवरची पकड सुटली आणि जाता जाता वाचले, पण भक्तीत ते चालायचंच.

"कोणता महिना?" खालून बाबांनी विचारलं.

"बाबा... सगळे आहेत."

"नीट बघा. एखादा गेला असेल."

"नाही. सगळे आहेत."

"बरं. मग त्यातला उत्तम तो आक्कांसाठी तोडा. कोयता आहे कमरेला."

शास्त्रीबुवांचा हात तयार नारळाच्या घोसाकडे गेला. भरलेला, पिकलेला. उत्तम म्हणजे पिकलेलंच की.

"आक्कांना दात किती?" बाबांनी विचारलं.

हात थांबला.

"खोबरं चावेल का?"

"... माहीत नाही."

हात शहाळ्याकडे वळला.

"शहाळं थंड. खोकला होतो का त्यांना?"

हात तिथूनही मागे आला.

"पाऊस आला की दारात येऊन उभ्या राहतात, का दार लावून घेतात?"

शास्त्रीबुवांना बारा महिन्यांचे बारा वारे तोंडपाठ होते. कुठला कधी सुटतो, कुठं जाऊन पडतो, सगळं. पण पाऊस आला की बयाक्का काय करते... पाऊस आला की ते आत वाचत बसलेले असायचे. ती कुठं असायची?

"बरं, राहू द्या," बाबा म्हणाले. "इथं काय बघायला यायचंय त्यांना?"

"समुद्र... असेल."

"असेल?"

शास्त्रीबुवांनी खाली पाहिलं. इतक्या उंचावरून अंगण तळहाताएवढं दिसत होतं. पांढऱ्या वाळूवर खराट्याच्या रेघा, अर्धगोल, एकीत एक गुंतलेल्या, दारापासून समुद्रापर्यंत. मधे बाबा, एवढेसे. आणि आत्ताच झाडलेल्या रेघांवर एक पिवळं पान येऊन पडलेलं. बाबा त्याच्याकडे वळले. ते पान काढलं, तेवढ्यात पलीकडे दुसरं पडलं. बाबा तिकडे वळले.

"बाबा," शास्त्रीबुवा वरूनच म्हणाले. आवाज बदलला होता. "मला आठवलं. ती आणखी काहीतरी म्हणाली होती."

"काय?"

"पोथीत होतं, की या देशात पानगळीचा ऋतूच नाही. झाडं कधी उघडी पडत नाहीत. तेवढं ऐकून ती म्हणाली, 'नागू, आपल्याकडे फाल्गुनात एकदा पानं गळतात. झाडून टाकली की वर्षाची सुटका. पण जिथं पानगळच नाही, तिथल्या माणसांचं झाडणं संपतं कधी?'"

खराटा थांबला.

शास्त्रीबुवा आल्यापासून कोणाच्या बोलण्यानं तो पहिल्यांदा थांबला होता.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"मी... हसलो. आणि पुढचं पान वाचायला घेतलं."

समुद्रावरचा पाऊस सरकत सरकत बेटाच्या टोकापर्यंत आला, दोन थेंब अंगणात पडले. बाबा आडोशाला गेले नाहीत. वाळूत बसले. डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

शास्त्रीबुवा उतरले. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, पण या वेळी त्यांनी एकाही देवाला हाक मारली नाही. छाती खरचटली, तळवे सोलवटले, कोयता तसाच कोरडा कमरेला. येऊन ते बाबांसमोर उभे राहिले. म्हाताऱ्याचे डोळे ओले होते. ते उत्तरेकडे पाहत होते, घाट ज्या बाजूला असेल त्या बाजूला.

"बासष्ट वर्षं हे अंगण झाडतोय," बाबा हळू आवाजात म्हणाले. "माझ्याकडे मौलवी आले, बैरागी आले, राजासुद्धा येऊन गेला. देव कुठं राहतो विचारलं, मेल्यावर काय होतं विचारलं. हे... हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

वारा आला. माडाच्या डोक्यावर काहीतरी सळसळलं. वही उघडीच पडली होती, तिच्यावर पावसाचे थेंब पडून रकाने पसरायला लागले होते. शास्त्रीबुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती तिथंच राहू दिली. त्यांनी वाळूत गुडघे टेकले. बाबांपुढे की आणखी कोणापुढे, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"अशा आक्कांना पाच वर्षं घरी बसवलंत?" बाबांनी विचारलं.

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली.

"बाबा," ते म्हणाले. आवाज मुंजीतल्या बटूसारखा झाला होता. "उद्या पहाटे गलबत सुटतंय, त्यानं मी जातो. पण सांगा... तिला कोणत्या महिन्यात आणू?"

बाबांनी शेजारची वाळू हातानं सारखी केली. एका माणसाला बसता येईल एवढी.

"आणू नका," ते म्हणाले... "येऊ द्या."