तिसरी की शिवली

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. ओहोटीला धाकूबाय मालवणकडच्या नव्या सुनेला घेऊन चिखलात उतरली. टोपली अर्धी भरली, तशी सून एक शिंपली उचलून म्हणाली, "आई, ही शिवली बघा केवढी!"

"शिवली नाय, तिसरी म्हण. कोलंबी पहिली, चिंबोरी दुसरी, चवीला ही तिसरी."

"आमच्याकडे शिवलीच म्हणतत. देवान दोन शिंपा शिवल्यान, म्हणान शिवली."

टोपलीत पडलेली शिंपली गोंधळली. मला शिवलं कधी? टाके कुठायत? आणि तिसरी म्हणावं, तर पहिल्या दोघींशी माझी ओळखसुद्धा नाही! तिने शेजारच्या म्हातारीला विचारलं, "मावशी, मी नक्की कोण गं?"

"तोंड मीट नि गप पड."

वर आवाज चढत गेला. सासूने सुनेच्या माहेराचा उद्धार केला, सुनेने पदर खोचला. भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं, तेव्हा कुठे दोघी वळल्या. टोपली केव्हाच उपडी होऊन वाहत निघाली होती.

चिखलात शिरताना शिंपलीने पुन्हा विचारलं, "पण मावशी, मी कोण?"

"त्यांचं ठरेपर्यंत जिवंत," मावशी म्हणाली. "ठरलं की कालवण."