शेपटी फुटलेले वाल

दुपार झाली तरी धुकं ज्याच्या अंगावरून उठायला तयार नसे, अशा एका रानात एक सशीण राहत असे. बिळासमोर ओढ्याकाठी तिचा जमिनीचा एवढासा तुकडा होता. दर थंडीत ती त्यात वाल पेरी. शेंगा वाळून उन्हात तडतडू लागल्या, की ती डोळे मिटून तो आवाज ऐकत बसे. तिला त्याहून गोड गाणं ठाऊकच नव्हतं.

जवळच उंबराखाली पिल्लांची शाळा भरे आणि दुपारी तिथे जेवणही मिळे. पण बाळांनो, पिकतं तिथे विकत नाही! शाळेत वाल शिजत ते डोंगरापलीकडून उंटांच्या पाठीवर आलेले. दाणे पांढरेशुभ्र, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. बगळेगुरुजी ते बघूनच खूष होत. पिल्लं मात्र दोन घास कसेबसे गिळत आणि मग अर्धपोटी पेंगत बसत. इकडे सशिणीची मडकी भरलेली आणि घ्यायला कुणी नाही. 'यंदा शाळेनं माझे वाल घेतले नाहीत, तर पेरायचं सोडून द्यायचं आणि थंडी सरली की ओढ्यापलीकडे बहिणीकडे निघून जायचं,' असं तिनं मनाशी ठरवलं. ठरवताना तिला रडू आलं.

शाळेचा स्वयंपाकी होता एक अस्वल, मनानं चांगला पण भारी झोपाळू. सशीण त्याला म्हणाली, "अस्वलमामा, एक डाव माझे वाल शिजवून बघा ना!" मामांनी वाल भिजवले, निथळून पळसाच्या पानांत बांधले आणि स्वतः शेजारीच उन्हात टेकले. टेकले ते घोरूच लागले. जागे होऊन दुसऱ्या दिवशी पुडा सोडतात तो काय, प्रत्येक दाण्याला इवलीशी पांढरी शेपटी!

"अय्या, आमच्यासारखी शेपटी!" पिल्लं ओरडली. उंदराचं पिल्लू तर मागेच सरकलं. "मी नाही खाणार. ते जिवंत आहेत!"

बगळेगुरुजी मान ताठ करून आले. "बिघडले हे! इतकी वर्षं आपण वाल भिजवतो, कधी एकाला तरी शेपटी फुटली का?"

"बिघडले नाहीत, गुरुजी, जागे झालेत," सशीण हळूच म्हणाली. "तुमचे दाणे कोठारात पडून पडून झोपेतच गेले. जागं व्हायला आत जीव असावा लागतो."

गुरुजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला शिकवतेस? फेकून द्या सगळे!"

सशिणीचे डोळे भरून आले. "फेकायचेच असतील तर कुंपणाशी मातीत तरी टाका," एवढंच ती म्हणाली आणि घरी गेली. त्या थंडीत तिचा तुकडा पडीकच राहिला.

कुंपणाशी मात्र मातीतून हिरवे कान वर आले. वेल कुंपणावर चढले, तिथून उंबरावर गेले. धुक्यात जांभळी फुलं तरंगू लागली, तेव्हा पिल्लांना आपण जागे आहोत की स्वप्नात, तेच कळेना. गुरुजी शिकवता शिकवता थांबत आणि एका पायावर उभे राहून वेलांकडे बघत राहत.

थंडी सरली. सशीण गाठोडं घेऊन शाळेवरून निघाली, तर गुरुजी आडवे आले.

"सशीणबाई, कुठे निघालात?"

"बहिणीकडे. माझं पेरलेलं इथे कुणाला नको."

गुरुजींनी दुसराही पाय खाली टेकला. "चुकलं माझं. पोरांनी वेलावरचे वाल काढून, वाळवून, भिजवून मोड आणलेत. पण असे मोडाचे वाल चुलीवर चढवायचे कसे, ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही गेलात तर कुणाला विचारायचं?"

सशीण थबकली. मग खाली बसली. तिनं दाणे कोमट पाण्यात टाकले आणि एक चिमटीत धरून हलकेच दाबला. साल हातात राहिली, दाणा टुणकन उडाला! पिल्लं खदखदून हसली आणि सोलायला बसली. उंदराच्या पिल्लानं विचारलं, "मावशी, सगळे खाऊन टाकले तर ते संपतील ना?"

"सगळे कधी खायचे नाहीत, राजा. मूठभर झोपू द्यायचे, पुढच्या वर्षासाठी."

अस्वलमामांनी बिरडं शिजवलं. त्या वासानं धुकंसुद्धा जरा खाली वाकलं म्हणतात! पिल्लांनी पानं चाटून पुसून लख्ख केली आणि कितीतरी दिवसांनी भरल्या पोटी तिथेच लवंडली.

"अजूनही जाणार?" गुरुजींनी हळूच विचारलं. सशिणीनं नाही म्हणून मान हलवली आणि गाठोडं सोडलं. आत दुसरं काहीच नव्हतं, नुसतं वालाचं बियाणं होतं.

तात्पर्य : दुरून डोंगर साजरे दिसतात, पण पोट भरतं ते आपल्या मातीत पिकलेल्या दाण्यानं; म्हणून तो आधी आपल्याच लेकरांच्या पानात वाढावा.