दयाळाची गिरकी

रानाला एकच गाणं ठाऊक होतं, त्या काळची गोष्ट. ते गाणं दयाळ पक्ष्याचं. एका सकाळी तेच गाणं नकल्या भृंगराज पक्ष्यानं म्हटलं आणि मध्येच झकास गिरकी घेतली. साळुंकीच्या अंगावर आधी शहारा आला, मग ती चवताळली.

"मूळ चालीची वाट लावली मेल्यानं! हाकला त्याला!"

पाखरं चोची परजून धावली. तेवढ्यात खुद्द दयाळच शेपटी नाचवत आला.

"अरे, पुन्हा म्हण! ही गिरकी कुठून आणलीस?"

"तुमचीच की, बुवा! परवा गाताना ससाणा दिसला आणि तुम्ही दचकलात, तिथली."

दयाळ खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं गाणं गिरकीसकट म्हटलं.

साळुंकी फणकारली, "बघा! आता हाही भृंगराजाची नक्कल करायला लागला!"