हवा सोडलेली मोटारसायकल

एकदा एका तरुण आईची झोप एका साध्या निमंत्रणाने उडाली. कॉलेजच्या दिवसांत तिच्यासोबत मोटारसायकलवरून घाटवाटा पालथ्या घालणाऱ्या तिच्या मैत्रिणी येत्या रविवारी पुन्हा निघणार होत्या. त्यांतली एक लवकरच कायमची परदेशी जाणार होती. म्हणजे सगळ्यांची मिळून ही बहुधा शेवटचीच फेरी. "येतेस ना गं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. पण हिच्या डोळ्यांपुढे घाटातली वळणं, समोरून येणारे ट्रक आणि दारात उभी असलेली पाच वर्षांची लेक. आपण पडलो तर? आणि नाही पडलो, उलट मजाच आली, तर? आई म्हणून ते बरं दिसेल का? चिंता करण्यात तिचा हातखंडा होता. एक मिटायच्या आत दुसरी हजर.

दसऱ्याला सोनं द्यायला ती आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. शाळेत संस्कृत त्यांनीच शिकवलं होतं, पुढे मोटारसायकलही. त्यांनीच 'जाऊ नकोस' म्हणावं आणि आपली सुटका करावी, असं तिला मनातून वाटत होतं.

गुरुजी अंगणात आपल्या जुन्या मोटारसायकलची पूजा करत होते. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, हात जोडले. मग खाली बसून दोन्ही चाकांतली हवा सोडून दिली.

"गुरुजी, सणासुदीला हे काय? अपशकुन नाही का होणार?"

"त्यासाठी गाडी कुठेतरी निघायला हवी ना, पोरी," गुरुजी हसले. मग तिला पायरीवर बसवून म्हणाले, "आमचंही मित्रमंडळ होतं. दर दसऱ्याला मी पूजा करायचो, चाकांत हवा भरायचो आणि म्हणायचो, दिवाळी झाली की निघू. दिवाळीनंतर मुलांच्या परीक्षा, मग कुणाचं घर बांधणं, मग माझी निवृत्ती. गाडी सदैव सज्ज, म्हणून आपणही सज्ज आहोत असा माझा समज. आता दोघे गेले. तिसऱ्याला दिसत नाही. माझा पाय सीटपलीकडे जात नाही. तरी भरलेली चाकं पाहिली की जीभ आपोआप म्हणते, दिवाळीनंतर. या वयात स्वतःशी खोटं बोलणं शोभत नाही."

"मला भीती वाटते, गुरुजी."

"वाटणारच. रस्त्याची हमी मीही देणार नाही. हेल्मेट घाल, उजेडात जा, उजेडात ये, वळणावर शर्यत लावू नकोस. पण भीती सरल्यावर जाईन म्हणशील, तर भीती सरत नाही. सोबतीची माणसं सरतात."

घरी परतताना वाटभर तिने लेकीच्या रडण्यावरची उत्तरं जुळवली: खाऊ, गोष्ट, बाबांबरोबर बाग. मनाचा धीर करून ती लेकीजवळ बसली.

"रविवारी मी मैत्रिणींबरोबर मोटारसायकलवरून फिरायला जाणार आहे. अंधार पडायच्या आत येईन."

लेकीने हातातला खडू खाली ठेवला. आईकडे निरखून पाहिलं.

"आई, तुला पण मैत्रिणी आहेत?"